उलटी प्रदक्षिणा

माझ्या मुलीच्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाच्या सकाळी मी तिच्या विमानाला कुंकू लावलं, आणि जिथे लावायला नको नेमकं तिथेच लावलं.

विमानाचा माझा संबंध एरवी खिडकीजवळची सीट मागण्यापुरता. मी हिशेबनीस माणूस. एसीच्या पत्र्याच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधत आलोय. स्वतःच्या शोधाव्या लागत नाहीत, त्या आपण होऊन समोर येतात. परवाही अशीच एक आली, इथे बहरीनमध्ये, सलमाबादच्या गॅरेजांच्या वस्तीत.

गाडीचा एसी गार हवा टाकेना म्हणून तिथल्या एका गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक म्हणाला, दो घंटा, इंशाल्ला. इंशाल्ला लागलं की दोन तासांचे चार धरायचे हे मला इतक्या वर्षांत कळलंय. मी आपला गॅरेजच्या मागच्या गल्लीत फिरायला निघालो. वेल्डिंगचा जळका वास, थिनरचा वास, कामगारांच्या मेसमधून कांदा परतल्याचा वास. एका वर्कशॉपच्या मागे पाण्याच्या फुटक्या टाक्या रचल्या होत्या आणि त्यांच्या आडोशाला, एका ट्रेलरवर, पंख काढलेलं एक छोटं विमान उभं होतं. चाकांत हवा नव्हती. समोरच्या काचेला तडा गेला होता. अंगावरचा निळा पट्टा उन्हाने इतका पांढरा पडला होता की तो निळा होता हे आधी माहीत असलेल्यालाच दिसावा.

मला माहीत होतं.

मी डाव्या अंगाला गेलो. दरवाजाच्या पुढे, कमरेच्या उंचीला, शर्टाच्या बटणाएवढी एक धातूची चकती असते. रुमालाने धूळ पुसली. चकतीच्या कडेला, जिथे ती पत्र्याला भिडते त्या बारीक खाचेत, केसाएवढी लाल रेघ होती. नखाने हलकेच टोकरली तर नखात मेण आलं. नाकाशी नेलं. वास काही उरला नव्हता, पण माझ्या नाकाला तेवढ्याने भागलं, त्याने पुढचं सगळं स्वतःच आणलं.

तेवढ्यात वर्कशॉपचा राखणदार आला आणि क्या चाहिये म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुछ नहीं, पुरानी पहचान है. त्याने विमानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांचीही अवस्था सारखीच वाटल्यामुळे असेल, निघून गेला.

जुई, म्हणजे माझी मुलगी, लहान असताना आमचे शुक्रवार मुहर्रकच्या विमानतळाजवळ समुद्राकाठी जायचे. वासंती डब्यात दडपे पोहे घ्यायची, थर्मासमध्ये चहा. जुई गाडीच्या बॉनेटवर टॉवेल टाकून उताणी पडायची आणि डोळे मिटून वरून जाणारी विमानं ओळखायची. आवाजावरून. आम्ही नवरा-बायको डोळे उघडे ठेवून चुकायचो. मी मराठीत विचारायचो, आता कुठलं गेलं गं? ती म्हणायची, दॅट्स अ फ्रेटर, बाबा, म्हणजे मालवाहू. आमच्या घरात मराठी एका दिशेने जायची आणि उलट दिशेने इंग्रजी परत यायची. दोघींची टक्कर कधी झाली नाही, एवढंच समाधान.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट सकाळी ईसा टाउनच्या शाळेची बस आमच्या गल्लीत यायची तेव्हा आतल्या एसीमुळे तिच्या काचांवर बाहेरून वाफ धरलेली असायची. जुई बसमध्ये चढण्याआधी त्या काचेवर बोटाने विमान काढायची. बस निघाली की विमानही निघायचं. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचे पंख ओघळून गेलेले असायचे. मी बाल्कनीतून बघत असायचो, हातात टोस्ट, गळ्यात अर्धवट बांधलेला टाय. त्या काळाची एखादी गोष्ट परत मागायची मुभा मिळाली तर मी ती ओली काच मागेन. टाय नको.

बारावीला असताना ती दक्षिणेकडच्या वाळवंटात, तेलाच्या पाइपांच्या पलीकडे, एका लहानशा क्लबच्या धावपट्टीवर विमान शिकायला जाऊ लागली. शिकवणारा पास्कल, आमचा वसईचा. आधी विमानं दुरुस्त करायचा, मग उडवायला शिकला, मग शिकवायला. उंच, काळा, पांढऱ्या भुवयांचा. बोलणं कमी. मला पहिल्याच दिवशी म्हणाला, पोरगी बरी आहे, तुम्ही गाडीत बसा. पुढचे कित्येक महिने मी गाडीत बसलो.

एकटीने उडण्याचा दिवस दोनदा ठरला आणि दोनदा मोडला. एकदा धूळ उठली, एकदा वारा आडवा आला. पुढच्या आठवड्यात ते विमान मोठ्या दुरुस्तीला जाणार होतं आणि त्यानंतर लगेच जुई, बारावी संपवून, त्या वर्षी उशिरा उघडणाऱ्या कॉलेजसाठी भारतात. म्हणजे झालं तर या शनिवारी, नाहीतर राहिलं. जुई त्या आठवड्यात जेवताना हाताने वरणात रेघा ओढत बसायची. वासंतीला वाटायचं, जेवत नाही. मला कळायचं, ती धावपट्टी आखतेय.

आणि तो शनिवार नेमका दसरा निघाला.

इथे मला आमच्या गावी, कोरेगावला जावं लागेल. आमची पिठाची गिरणी होती. दिवसभर तिच्या धुराच्या नळीतून टुक टुक आवाज सबंध आळीभर जायचा आणि आम्ही पोरं त्या तालावर पाढे म्हणायचो. वर्षातून एक दिवस तो आवाज बंद असायचा. दसऱ्याला आप्पा, म्हणजे माझे वडील, पट्टा उतरवायचे, आढ्यावरची पिठाची जळमटं झाडायचे, इंजिन रॉकेलने पुसायचे. आई करंडा घेऊन यायची. इंजिनाच्या थरथरीने कोरडं कुंकू गळून पडतं, म्हणून आधी मेणाचं बोट आणि मग त्यावर कुंकू. जे जे फिरतं त्या प्रत्येकाला. मोठं चाक, लहान चाक, जात्याची पाळी, तराजूची दांडीसुद्धा. बाजरीच्या कोमट पिठाचा वास, त्यावर झेंडूचा, त्यावर रॉकेलचा. एरवी ऐकू न येणाऱ्या चिमण्या त्या दिवशी ऐकू यायच्या. मग आम्ही सगळे इंजिनाभोवती फिरायचो, इंजिन उजव्या हाताला ठेवून. खोली अरुंद, एका बाजूला भिंत, तिथून अंग तिरकं करून सरकावं लागायचं. एका वर्षी मी शहाणपणा करून मोकळ्या बाजूने उलटा निघालो. आप्पांनी मला कानाला धरून मागे आणलं आणि पहिल्यापासून फिरवलं. तो कान दसऱ्याच्या सुमाराला अजून गरम होतो.

बहरीनला आल्यावर मी ही रीत सोडली नाही, फक्त गिरणी सुटली. फ्रिज, वॉशिंग मशीन, टोयोटा, सगळ्यांना मेण-कुंकू. ऑफिसच्या झेरॉक्स मशीनलाही एका वर्षी लावलं. झाकण उघडं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही, बोट थेट काचेवर. त्या आठवड्यात कंपनीचं प्रत्येक कोटेशन कपाळावर टिळा लावून गिऱ्हाइकाकडे गेलं. मॅनेजरने मला बोलावून विचारलं की हा नवा लोगो कुणी मंजूर केला.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. मी आदल्या दिवशी बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारगल्लीत गेलो. फुलवाल्याकडून झेंडूची माळ घेतली, आदल्या रात्रीच्या विमानाने मुंबईहून आलेली, अजून बर्फाने गार. अत्तराच्या दुकानातून खरं मधमाशीचं मेण घेतलं. दुकानदाराने विचारलं, मिशीला लावायला का? मी म्हटलं, विमानाला. त्याने मेण जरा जास्तच बांधून दिलं.

सकाळी वासंती आली नाही. म्हणाली, मला ते बघवणार नाही, ती उतरली की तुम्ही फोन करा. जुईने दोन घास उपम्याचे खाल्ले आणि डबा बंद केला. आम्ही गाडीने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइप चमकत होते आणि समुद्र दिसत नव्हता तरी त्याचा खारट वास येत होता. ऑक्टोबरमध्ये इथली हवा पहिल्यांदा माणसांसारखी वागायला लागते, पण माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

पास्कलने माझ्या हातातलं तबक पाहिलं आणि माझ्याशी वाटाघाटी सुरू केल्या. नारळ फोडायचा नाही, करवंटीचा एक कपचा पंख्यात गेला तर पंखा जाईल. उदबत्ती पेटवायची नाही, इथे पेट्रोल आहे. माळ घालायची नाही, घातली तर इंजिन ती खाईल. मी म्हटलं, अहो पास्कलभाऊ, मग दसरा कसला? त्याने खांबावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, एक टिळा लावा. नाकावर. एकच. कुंकवाने कुणाचं काय बिघडतंय.

त्याच्याही आयुष्यातली ही एक चूक, पण ती मी माझ्या खात्यावर घेतो.

तोवर जुईने विमानाची तपासणी सुरू केली होती. हे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. पंखाच्या टाकीतून तिने एका पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढलं आणि पेला आभाळाकडे धरला. निळसर, गोडूस वासाचं. त्यात पाण्याचा थेंब नाही ना हे ती बघत होती, पण मान अशी वर केलेली की मला हात पुढे करून तीर्थ मागावंसं वाटलं. पंखाची कड तिने तळहाताने शेवटपर्यंत चाचपली. प्रत्येक बिजागरी हलवून बघितली. चाकापाशी उकिडवी बसली. शेपटी अशी हळूच उचलून बघितली जशी आई पोराची हनुवटी उचलते. ओठ सारखे हलत होते. त्या डाव्या अंगाच्या चकतीपाशीही ती थांबली, वाकली, तिच्या मधल्या बारीक भोकाला डोळा लावून पाहिलं आणि पुढे गेली. माझ्यासमोर ती पूजाच करत होती, आणि माझ्यापेक्षा चांगली करत होती. हे मला तेव्हा दिसलं असतं तर बरं झालं असतं.

मला दिसलं ते वेगळंच. ती दरवाजापासून निघून शेपटीकडे गेली, तिथून उजव्या पंखाकडे, मग नाकाकडे. विमान तिच्या डाव्या हाताला. म्हणजे उलटी प्रदक्षिणा. दसऱ्याच्या दिवशी. माझा कान गरम झाला.

मी पास्कलला विचारलं की हे असंच फिरतात का. तो म्हणाला, सगळं जग असंच फिरतं. आणि तो रेडिओ आणायला आत गेला. जुई शेवटचं पाणी प्यायला गेली. विमान आणि मी, दोघेच.

मी विमान उजव्या हाताला ठेवून निघालो. उलटं झालेलं सरळ करायचं, एवढाच हेतू. नाकावर मेण, त्यावर कुंकू. एकच म्हणाला होता, पण आप्पांच्या गिरणीत एकावर कधी कोण थांबलं? चाकाला एक. शेपटीला एक. दुसऱ्या चाकाला एक. फिरत फिरत डाव्या अंगाला आलो तर ती चकती. गोल, चकचकीत, बरोबर मधे बारीक खूण. कुणीतरी टिळ्यासाठीच जागा सोडल्यासारखी. मी मेणाचं बोट तिथे चांगलं दाबून फिरवलं, कारण वर वारा असणार, आणि त्यावर कुंकू टेकवलं. हात जोडले. मनात म्हटलं, पोरीला सांभाळ.

जुई आली. तिने नाकावरचा टिळा पाहिला आणि माझ्याकडे बघून हसली. बाकीचे तिला दिसले नाहीत, कारण तिची तपासणी झाली होती. तपासणी झाल्यावर विमानाला कुणी हात लावत नाही. तिच्या जगात लावत नाहीत. तिने खिडकीतून ओरडून पंख्यापासून दूर व्हायला सांगितलं आणि इंजिन सुरू झालं.

त्या आवाजाने माझ्या पायांखालचं कोरेगाव हललं. विमान हळूहळू धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि तिथे उभं राहून तिने इंजिन जोरात चालवलं. ब्रेक दाबलेले, सगळं अंग थरथरतंय, मागे वाळूचा लोट. पास्कल डोळे मिटून ऐकत होता. आवाज किंचित खाली बसायचा, पुन्हा वर यायचा. तो पुटपुटला, बरोबर. पुन्हा पुटपुटला, बरोबर. मी तबक छातीशी धरून उभा होतो आणि माळेतला झेंडू उपटून उपटून खाली टाकत होतो.

मग ती निघाली. धावपट्टीवर ते विमान एखाद्या सायकलस्वाराइतकं सावकाश वाटलं, मग तितकंसं सावकाश नाही, आणि मग चाकांखाली उजेडाची एक फट दिसली. ती फट वाढत गेली. माझी मुलगी माझ्यापासून इतकी लांब कधी गेली नव्हती. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"सर, एअरस्पीड इज ड्रॉपिंग."

आवाज सपाट होता. पास्कलने पुन्हा सांगायला लावलं. तिने इंग्रजीतच सांगितलं की विमान वर चढतंय, पण वेगाचा काटा खाली येतोय, आणि उंचीचा हललेलाच नाही.

पास्कलचा चेहरा मी आजही विसरत नाही, कारण त्यावर काहीच नव्हतं. त्याने रेडिओ बाजूला धरला आणि माझ्याकडे न बघता विचारलं की डाव्या बाजूच्या चकतीला हात लावलात का. मी अंगठा पुढे केला. लाल होता.

ते भोक म्हणजे विमानाची नाकपुडी असते, हे मला नंतर समजलं. बाहेरची हवा तिथून आत जाते आणि त्यावरून काट्यांना कळतं की आपण किती उंच आहोत आणि किती वेगात. मी ते मेणाने बुजवलं होतं. आत जमिनीवरची हवा अडकून बसली होती, आणि विमान जसजसं वर जात होतं तसतसा वेगाचा काटा शून्याकडे निघाला होता. वेग पडला की विमान पडतं, असं शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. मग तो घाबरून नाक खाली करतो. खाली जमीन असते.

पास्कलने रेडिओ तोंडाशी नेला. रेडिओवर इंग्रजीतच बोलायचं हा त्याचा कडक नियम. त्याने तो मोडला.

"जुई, ते दोन काटे मेलेत. विमान मेलं नाही. काट्यांकडे बघू नको."

वरून इंजिनाचा आवाज येत होता.

मग जुईचा आवाज आला. "काका, वेग शून्य दाखवतोय."

काका. सर नाही. आणि मराठी. ज्या मुलीकडून एक पूर्ण मराठी वाक्य मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षं उन्हात उभा राहिलो होतो, ती आभाळात, माझ्या मूर्खपणात अडकून, मराठी बोलत होती. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मी तबकासकट वाळूत बसलो.

पास्कल तिला एकेक वाक्य देत गेला, भाकरी तोडून द्यावी तसं. नाक क्षितिजाच्या जरा वर ठेव, रोज ठेवतेस तेवढंच. इंजिनाचा काटा खरा आहे, तो धर. आवाज ऐक. पाण्याची टाकी दिसते? रोज वळताना ती जेवढी लहान दिसते तेवढी दिसली की वर जाणं थांबव. ती प्रत्येक वाक्यानंतर हो म्हणायची. कधी हो काका. एकदा तिने विचारलं की आवाज जरा जड वाटतोय का. पास्कल म्हणाला, नाही, तुझी छाती जड झालीय, विमान हलकं आहे.

ते विमान आमच्या डोक्यावरून उलट्या दिशेने गेलं. मी वर बघितलं. पोटाखालून दोन चाकं दिसत होती, आणि एका चाकावर, त्या उंचीवरूनही, मला माझा टिळा दिसला असं वाटलं. तो दिसणं शक्यच नव्हतं. पण दिसला.

मी पास्कलला विचारलं की काही होणार नाही ना. तो म्हणाला, गप्प बसा. हे त्याने रागाने म्हटलं नाही. तो ऐकत होता, आणि माझा आवाज मधे येत होता.

ती वळली. खाली यायला लागली तेव्हा पास्कल म्हणाला की काटा आता हळूहळू जिवंत होईल, पण त्याची वाट बघू नकोस, तो नवरदेवासारखा उशिरा येईल. वर ती हसली का, ते खरखरीत कळलं नाही. पंख डावीकडे झुकले, सरळ झाले. उजवीकडे झुकले, सरळ झाले. धावपट्टी तिच्यासमोर होती, पण विमान खाली येत नव्हतं, हवेत लोंबकळत होतं. पास्कल पुटपुटला, आत्ता. आत्ता. आत्ता ओढ. चाकं टेकली, उडाली, मी डोळे मिटले, आणि पुन्हा टेकल्याचा आवाज झाला तो रबराचा, लांबलचक, गोड. त्या आवाजाइतकं सुंदर मी काही ऐकलेलं नाही. जळक्या रबराचा वास वाऱ्यावर आला. तो अजूनही गाडीच्या ब्रेकमधून आला की माझ्या डोळ्यांत पाणी येतं, आणि वासंतीला वाटतं मी पंक्चरला घाबरतो.

इंजिन बंद झालं. पट्टा उतरवल्यावर गिरणीत होते तशी शांतता. जुई उतरली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती सरळ डाव्या अंगाला गेली, चकतीसमोर उभी राहिली आणि नखाने मेण खरवडायला लागली. पास्कलने खिशातून फडकं आणि एक बारीक तार दिली. भोक उघडलं. तिने त्यावर फुंकर मारली नाही, मारायची नसते, आतले काटे बिघडतात, तिला माहीत होतं. नुसतं बघत राहिली.

पास्कल म्हणाला, घरी जाऊया, आजचं आपण धरायचं नाही.

म्हणजे एकटीने उडणं राहिलं. मला वाटलं, बरं झालं. वासंतीला फोन करायला मी खिशात हात घातला.

जुईने फडकं त्याला परत दिलं आणि विचारलं की काटे बघून एकदा जाऊ का. इंग्रजीत विचारलं. त्याने होकारार्थी मान हलवली. मग त्याने मला दंडाला धरून उठवलं, लांब तारेच्या कुंपणापाशी नेऊन उभं केलं, आणि माझे दोन्ही हात माळेत गुंतवून ठेवले. खरोखर, माळ मनगटांभोवती गुंडाळली.

जुई पुन्हा दरवाजापासून निघाली. शेपटी. उजवा पंख. नाक. पेल्यात पेट्रोल, पेला आभाळाकडे. वाटेत भेटलेला माझा प्रत्येक टिळा ती पुसत गेली, चाकावरचा, शेपटीवरचा, दुसऱ्या चाकावरचा. नाकावरचा मात्र राहू दिला. एक मंजूर होता. सगळी उलटी प्रदक्षिणा तिने पहिल्यापासून पूर्ण केली, एकही जागा न गाळता, आणि मी कुंपणापाशी झेंडूच्या बेड्या घालून ती बघितली. यावेळी मला दिसलं.

ती गेली. वर गेली. रेडिओवर तिने उंची सांगितली, वेग सांगितला, इंग्रजीत, आणि प्रत्येक आकडा ऐकून पास्कल मान हलवत होता. पाण्याच्या टाकीपलीकडे ते विमान एक ठिपका झालं, मग त्या ठिपक्याला पंख फुटले, मग ते उतरलं. यावेळी चाकं उडाली नाहीत. पास्कलने पाण्याची सबंध बादली तिच्या डोक्यावर ओतली, तशी त्यांच्यात रीत आहे. ती ओलीचिंब, दात वाजवत, हसत होती. मी माळ तिच्या गळ्यात घातली आणि विचारलं, घाबरली होतीस? ती म्हणाली, ॲट फर्स्ट. मग जरा थांबून म्हणाली, यू टोल्ड ममा?

मी सांगितलं नव्हतं. त्यानंतर सहा महिने सांगितलं नाही. शेवटी जुईनेच भारतातून फोनवर सांगितलं, आणि वासंतीने घरातलं सगळं मेण फेकून दिलं.

तो क्लब आता नाही. पास्कल वसईला परत गेला, तिथे वाडीत केळी लावतो आणि फोनवर पूर्वीपेक्षाही कमी बोलतो. ईसा टाउनची बस अजूनही आमच्या गल्लीत येते, काचांवर वाफ धरते, तिच्यावर कुणी काही काढत नाही. बॉनेटवर पडायला कुणी नाही, त्यामुळे शुक्रवारी मी गाडी धुतो.

सलमाबादच्या त्या गल्लीत उभा राहून मी चकतीचा फोटो काढला आणि जुईला पाठवला. ती हल्ली महाराष्ट्रातल्याच एका विमानशाळेत पोरांना शिकवते, चार सीटच्या विमानावर. तिचं मराठी आता माझ्यापेक्षा सरळ झालंय, विद्यार्थ्यांना ओरडून ओरडून. लगेच फोन आला. मी तिला विमानाची अवस्था सांगितली, पंखांचं सांगितलं, तड्याचं सांगितलं. ती म्हणाली, खाचेत अजून लाल आहे? मी म्हटलं, आहे.

आतून मेकॅनिक हाका मारत होता, गाडी झाली होती, यावेळी इंशाल्लाच्या आधीच. एवढ्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी तेव्हा विचारून टाकलं. तिच्या विमानात मी कधीच बसलो नव्हतो. तिने कधी बोलावलं नव्हतं आणि का नाही हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, दिवाळीला येतोय, एकदा वर नेशील का मला?

पलीकडे कुठलंतरी इंजिन सुरू होत होतं. ते स्थिर होईपर्यंत ती थांबली.

"नेईन," जुई म्हणाली. "पण तू मागच्या सीटवर बसायचंस, आणि उतरेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली."